आजी-आबाजींच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत? सुरुवात अशी करा

आबाजी गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या आवाजाचं माझ्याकडे फक्त अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग उरलं आहे. त्यातली चार मिनिटं पंख्याच्या घरघरीत गेली आहेत आणि मधेच कोणीतरी मोटारीचं बिल विचारायला आलेलं ऐकू येतं. बाकीचं दोन-अडीच तासांचं बोलणं जुन्या फोनमध्ये होतं. तो फोन दुरुस्तीला दिला, त्यांनी तो रीसेट केला आणि सगळं गेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्यानंतर आजीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. तीन उन्हाळे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी तिच्याजवळ बसले. आज तिच्या आवाजाच्या एकतीस बैठका जपून ठेवलेल्या आहेत. त्या करताना ज्या चुका झाल्या आणि जे जमलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरी कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर हे वाचून याच महिन्यात सुरुवात करा.

लागणारं सामान:
- साधा स्मार्टफोन, आणि त्यात किमान दोन-तीन जीबी जागा मोकळी
- कॉलरला लावायचा छोटा माइक (असला तर बरं, नसला तरी अडत नाही)
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल
- एक पेन ड्राइव्ह
- घरातला जुना अल्बम, लग्नपत्रिका, सापडतील ते कागद

१. आधी कोणाकडे जायचं ते ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या आणि भाऊबंदांतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा. वय, गाव आणि ऐकू कितपत येतं, एवढं प्रत्येकासमोर लिहा. ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांच्याकडे आधी जा. वाड्याच्या आणि वावराच्या गोष्टी आबाजींना माहीत असतात म्हणून आपण त्यांच्याकडे धावतो आणि आजी चुलीजवळ राहून जाते. मीही तेच केलं होतं. पुढे कळलं की घरात कोण कधी जन्मलं, कोण कशाने गेलं, कोणत्या साली धान्य पुरलं नाही, हा सगळा हिशेब आजीकडे आहे.

माहेरच्या बाजूची माणसं विसरू नका. आजीची धाकटी बहीण, मामेआजी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आत्या, यांना आपल्या घराबद्दल जे आठवतं ते घरात राहिलेल्यांना आठवत नाही.

परवानगी सरळ शब्दांत मागा. "आजी, तू सांगशील ते मी फोनमध्ये ठेवते. आपल्या घरच्यांशिवाय कोणाला ऐकवणार नाही." लपवून रेकॉर्ड करू नका. एकदा कळलं की पुढे कोणी मोकळं बोलत नाही.

२. फोन तयार करा

फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर पुरतं. सेटिंगमध्ये दर्जा १२८ केबीपीएस ठेवला तर एका तासाला साधारण ६० एमबी जागा लागते, म्हणजे जागेची चिंता नाही. व्हिडिओच्या मागे लागू नका. समोर कॅमेरा धरला की आजी पदर सावरते, ताठ बसते आणि पाहुण्यांशी बोलावं तशी बोलते. आवाज पुरेसा आहे. व्हिडिओ तिच्या हातांचा घ्या, ती काम करत असताना.

सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. बऱ्याच फोनमध्ये कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला अर्ध्या तासाने कळतं. पंखा आणि कूलर बंद करा. टीव्ही शेजारच्या खोलीत असला तरी बंद करा. फोन जमिनीवर न ठेवता घडी केलेल्या दुपट्ट्यावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. दोन मिनिटं बोलून पाहा आणि ऐकून पाहा. माझ्या आबाजींची ती चार मिनिटं एवढी तपासणी न केल्यामुळे गेली.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे स्वतःच्या आवाजात सांगा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला याची गरज पडेल.

३. वेळ साधा

कापूस वेचणी चालू असताना किंवा सोयाबीनच्या सवंगणीत (कापणीत) हे काम काढू नका. घरातलं प्रत्येक माणूस थकलेलं असतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखाची दुपार बरी. जेवणं झाली, आजीची डुलकी झाली, ऊन उतरायला लागलं की ओसरीवर बसायचं. चाळीस मिनिटं झाली की थांबा, बोलणं रंगात आलेलं असलं तरी. दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी टाळतो. अर्धवट सोडलेली गोष्ट मात्र तो रात्रभर मनात घोळवतो आणि सकाळी स्वतःहून सांगतो.

४. हातात काम द्या, मग विचारा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे वाया घालवला. पहिल्या दिवशी मी आजीसमोर वही घेऊन बसले आणि म्हटलं, "आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग." ती म्हणाली, "आता काय सांगू बाप्पा! आमचं लहानपण म्हंजे काम आन काम." आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. देवाच्या वाती संपल्या होत्या म्हणून घरचा मूठभर कापूस तिच्यासमोर ठेवला. तिने तो मांडीवर घेतला. एकेक बोंड चिमटीत धरून सरकी काढायला लागली. सरकी सुटली की ती डाव्या हाताशी ठेवायची आणि कापूस उलगडून उन्हात धरून बघायची. बोटाला जराशी राख लावून तिने पहिली वात वळली. दुसरी वळताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिनावर जायचो तवा मी कापसातच झोपो." मग पाऊण तास ती थांबली नाही. कारंजाजवळच्या माहेरून तिचा बाप कापूस भरून बंडी (बैलगाडी) काढायचा. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, तिथे रात्रभर बंड्यांची रांग. बाप खाली बैलांजवळ आणि ही सहा-सात वर्षांची पोर वर कापसाच्या ढिगात. रात्री थंडी वाजली की आणखी आत शिरायची. सकाळी केसांत, कानांत, पापण्यांवर कापूस. तिची आई तिला दारातच झटकून घरात घ्यायची.

आठवण हातात असते आणि जागेत असते. म्हणून आजीला वाती, तूर सोलायला, शेवया, मुगवड्या, गोधडीचं टाचण, जे तिच्या हातचं असेल ते द्या. आबाजींना धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) न्या. वावर विकलेलं असलं तरी लांबून दाखवा. जुना कोठा (गोठा), पडकी विहीर, बंद पडलेली चक्की, तिथे उभं राहून "इथे काय होतं?" एवढाच प्रश्न पुरतो.

विचारायचंच असेल तर बारीक विचारा. माझ्या वहीतले कामी आलेले काही प्रश्न:

- घरात झोपायच्या जागा कोणाच्या कुठे होत्या?
- पाणी कुठून आणायचं? रांगेत आधी कोण, शेवटी कोण?
- पोळ्याला आपल्या बैलांना काय घालायचे? शेवटची बैलजोडी कधी विकली? त्यांची नावं काय होती?
- भुलाबाई (पोरींचा गाण्यांचा खेळ) कोणाच्या अंगणात बसायची? खाऊ ओळखताना कोणी कधी हरलं नाही?
- मांडे करायला कोणाकडून शिकलीस? पहिला मांडा फाटला तेव्हा कोण काय म्हणालं?
- बाजाराचा वार कोणता? जाताना काय न्यायचं, येताना काय आणायचं?
- लग्नात वऱ्हाड कशाने आलं? किती दिवस राहिलं?
- घरी कोणाला यायची बंदी होती? कोणाला पाणी वरून वाढायचे?

शेवटचा प्रश्न टाळू नका. गावातल्या जातीपातीचं बोलणं घरातल्या आठवणींत नसेल तर ती आठवण अपुरी आहे. आजीने उत्तर देताना बराच वेळ वात हातात तशीच धरून ठेवली होती. मग सगळं सांगितलं.

प्रश्न विचारून झाला की थांबा. ती गप्प झाली म्हणजे उत्तर संपलं असं नाही. मनात दहा आकडे मोजा. मी सुरुवातीला घाईने पुढचा प्रश्न टाकायचे. आता ते ऐकताना कळतं की ती काही बोलायला लागली होती आणि मी तिला तोडलं.

गाणी आणि ओव्या वेगळ्या फाइलमध्ये घ्या. जात्यावरच्या ओव्यांचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी उभं केलं. त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि गाणारणीचं नाव-गाव सोबत नोंदलेलं आहे. आपणही प्रत्येक गाण्याजवळ कोणी म्हटलं आणि तिने कोणाकडून ऐकलं हे लिहावं. जातं नसेल तर सूप किंवा परडी हातात द्या. नुसतं बसून म्हणताना चाल आठवत नाही.

५. साल विचारू नका, साल काढा

"हे कोणत्या साली?" असं विचारलं की उत्तर येतं, "मले नाई आठवत." त्याऐवजी खुणा विचारा. विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना लागू पडणाऱ्या या काही:

- आणे होते की नवे पैसे आले होते? नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले.
- आपण नागपूरच्या राज्यात होतो तेव्हा, की मुंबईत गेल्यावर? नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.
- रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) यायचा तेव्हा? तो १९७२ च्या दुष्काळाचा काळ.
- तुकडोजी महाराज होते का? ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले.
- शकुंतला गाडीला कोळशाचं इंजिन होतं का? यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर ते १९९४ पर्यंत होतं.

एकट्या १९५६ चे शेवटचे तीन महिने बघा. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा, १ नोव्हेंबरला राज्य बदललं, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, २० डिसेंबरला गाडगे महाराज गेले. त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते त्यांच्या मनात यातलं काही ना काही पक्कं असतं. आमच्या आजीचं लग्न "गाडगेबाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात" झालं होतं. म्हणजे १९५७. तिच्या आधारकार्डावरच्या जन्मतारखेनुसार तेव्हा तिचं वय आठ वर्षं येतं. ती स्वतः सांगते चौदा-पंधरा.

हा सापळा जवळजवळ प्रत्येक घरात आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जुलै लिहिलं, किंवा शाळेत न गेलेल्याचं वय कार्ड काढणाऱ्याने डोळ्यांनी मोजलं. कागदावरचा जन्मदिवस वहीत लिहा, पण त्याच्याजवळ "कागदावरचा" असं लिहा.

पडताळायला कागद हवे असतील तर तीन ठिकाणं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर, जे लोक जात पडताळणीसाठी शोधतात तेच. तहसीलमधल्या कोतवाल बुकाच्या नोंदी, ज्यात गावचे जन्म-मृत्यू असतात. आणि वावराचे जुने फेरफार, ज्यात वारस म्हणून नावं चढलेली असतात. अर्ज करताना जुना जिल्हा सांगा. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून निघाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. आजीच्या माहेरचे कागद मी वाशीमच्या नावाने शोधत बसले होते. सगळे जुने कागद अकोला जिल्हा म्हणतात.

६. बोली जशीच्या तशी उतरवा

रेकॉर्डिंग ऐकून वहीत उतरवताना माझ्याकडून एक चूक झाली. आजी "वावर" म्हणाली, मी "शेत" लिहिलं. ती "बंडी" म्हणाली, मी "बैलगाडी". "सवंगणी"ची कापणी केली आणि "पऱ्हाटी"चं कापसाचं झाड. "थो आला" हे "तो आला" झालं. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "छान लिहिलं, पण हे माय नाई बोलत." पंधरा पानं मी परत लिहिली.

शाळेने आपल्याला सांगितलं की वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध. ते डोक्यातून काढून टाका. "मले", "तुले", "काहून", "पायलं", जसं ऐकू आलं तसं लिहा. फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीवर इथे विसंबू नका, ती वऱ्हाडी बोलणं पुस्तकी करून टाकते आणि झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) बोली असेल तर आणखीच गोंधळ. हातानेच उतरवा. एका तासाच्या बोलण्याला मला पाच-सहा तास लागतात. सगळं जमणार नसेल तर निदान कितव्या मिनिटाला कोणती गोष्ट आहे एवढी यादी करा.

वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची यादी ठेवा. अवजारांचे, गवतांचे, बैलांच्या रंगांचे, पोटातल्या दुखण्याचे शब्द. अर्थ तिलाच विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहा.

७. वंशावळीत बायकांची नावं घाला

पणजोबा, खापरपणजोबा अशी सात नावं आमच्याकडे कोणीही धडाधड सांगतं. त्यांच्या बायकांची नावं विचारली तर सगळे एकमेकांकडे बघतात. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव सासरी कोणी उच्चारलेलं नाही. म्हणून प्रत्येक बाईची तीन घरं भरा: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव. तुमच्या समाजात भाट येत असतील तर त्यांची वही बघा. त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी विधीसाठी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं मिळू शकतात. त्या वह्यांमध्येही बायका कमीच.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुम्ही आत्यांची नावं लिहायला लागलात की घरात कोणीतरी विचारेल, "हे सात-बारासाठी चाललं का?" २००५ च्या कायद्याने लेकींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिल्यापासून वारसांची यादी म्हटलं की माणसं सावध होतात. आमच्या काकांनी महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. शेवटी वही त्यांच्यासमोर ठेवली, एकेक पान वाचू दिलं. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. आणि वाटणीच्या भांडणाचं बोलणं निघालं तर रेकॉर्डिंग थांबवा.

न जगलेली लेकरंही लिहा. आजीला सात झाली, चार जगली, एवढं आम्हाला माहीत होतं. बाकी तिघांना नावं होती हे मला पहिल्यांदा त्या ओसरीवर कळलं. कोणत्याही कागदावर ती नाहीत. तिने ती सांगितली तेव्हा मी फोन बंद करू का असं विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. लिही." रडू आलं तर पाणी द्या, जवळ बसा, पुढचा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. ती "हे ठेवू नको" म्हणाली तर तिच्यासमोर पुसा.

८. फोटो आणि कागद

अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका. तिथेच ठेवून, ओसरीच्या सावलीत, फ्लॅश न वापरता वरून सरळ फोटो घ्या. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही नकोत, चिकटपट्टीने कागद पिवळा पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा घसरतो.

९. तीन ठिकाणी ठेवा

बैठक झाली त्याच संध्याकाळी फाइलला नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग कोणाचा आवाज, मग गोष्ट. उदाहरणार्थ २०२३-०४-१६-आजी-जिनावरची-रात्र. एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. तिन्ही एकाच घरात नकोत. पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा लावून बघा, मी पोळ्याला बघते. फोन दुरुस्तीला देण्याआधी सगळं बाहेर काढा.

१०. तिला ऐकवा

हे मी सगळ्यात उशिरा केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात जिनावरच्या रात्रीचं रेकॉर्डिंग आजीला लावून दाखवलं. आधी ती आपलाच आवाज ओळखेना. मग फोनजवळ सरकली, कान लावला, आणि मधेच, बैलाचा उल्लेख आला तसा, माझा हात धरला. "थांबव. थो पांढरा नोता वं माय, कवडा होता. पांढरा मंग घेतला, बुढा मेल्यावर." बुढा म्हणजे तिचा आजा. त्याच्याबद्दल तोवर ती एक अक्षर बोललेली नव्हती. तो कुठून आला, का आला, त्याने पहिलं वावर कसं घेतलं, हे सगळं त्या एका बैलाच्या रंगावरून निघालं आणि दिवेलागणीपर्यंत चाललं.

म्हणून जुनं ऐकवताना दुसऱ्या फोनवर नवं रेकॉर्डिंग चालू ठेवा.